कुलाब्याचा सनदी अधिकारी : चिंतामणराव देशमुख

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर कोण, या प्रश्नाचे उत्तर नवीन पनवेलमध्ये स्पर्धा परीक्षा देणाऱ्या कुठल्याही मुलाला झोपेतही येते. हा माणूस आपल्याच जिल्ह्यातला, हे मात्र त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. पनवेलहून दिवा-रोहा गाडीने शेवटच्या स्थानकावर उतरले की देशमुख घराण्याचे गाव लागते. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांची कारकीर्द म्हणजे परकीय राजवटीतली सनदी नोकरी, मध्यवर्ती बँक, मंत्रिपद आणि विद्यापीठे यांतून गेलेली सुमारे पन्नास वर्षे. भारतीय प्रशासन कसे घडले, हे त्या एका आयुष्यात जवळजवळ सगळे पाहायला मिळते.

नाते, रोहे आणि केंब्रिज

१४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते या गावी त्यांचा जन्म झाला. महाडहून रायगडाकडे जाताना हे गाव लागते. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख रोह्याला वकिली करत. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत चिंतामण मुंबई विद्यापीठात पहिला आला आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यालाच मिळाली.

संस्कृतात असे यश मिळवणारा मुलगा पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात निसर्गविज्ञान शिकायला गेला आणि १९१७ मध्ये वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक घेऊन बाहेर पडला. १९१८ मध्ये लंडनला झालेल्या आयसीएस परीक्षेत त्यांचा क्रमांक पहिला आला.

त्याच सुमारास लोकमान्य टिळक चिरोल या इंग्रज पत्रकारावर लावलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी लंडनमध्ये होते. इंग्रजांची नोकरी करावी का, हा प्रश्न घेऊन देशमुख त्यांना भेटले. प्रशासनाचा अनुभव उद्या स्वराज्यात कामी येईल, तो घ्यावा, असा टिळकांचा सल्ला पडला. टिळकांच्या व्यवहारी दृष्टीचा याहून चांगला दाखला मला आठवत नाही.

सनदी अधिकारी काय करत असे?

आयसीएस झालेल्या उमेदवाराला नेमणुकीआधी दंडविधान, पुराव्याचा कायदा आणि फौजदारी प्रक्रिया शिकावी लागे. कारण जिल्ह्यात गेल्यावर शेतसारा ठरवणारा आणि खटले ऐकणारा माणूस एकच असे. देशभर ही दोन कामे नीट वेगळी झाली ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने. आजही पनवेलचे प्रांताधिकारी महसुलाची अपिले ऐकतात आणि कार्यकारी दंडाधिकारी म्हणून आदेशही काढतात, त्यात त्या जुन्या व्यवस्थेची खूण उरली आहे.

देशमुखांना मध्यप्रांत व वऱ्हाड मिळाले. उपआयुक्त, बंदोबस्त अधिकारी, मग महसूल आणि अर्थ खात्यांचे सचिव असा त्यांचा चढता क्रम राहिला. बंदोबस्ताचे काम म्हणजे गावोगाव हिंडून जमिनीचा कस, पीक, विहिरी, कुळांची स्थिती पाहून सारा ठरवणे. पुढे अर्थमंत्री झालेल्या माणसाने सुरुवातीची वर्षे बांधावर काढली होती, याला मी फार महत्त्व देतो. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही त्यांनी काम केले. त्याच परिषदेला गांधीजी काँग्रेसचे प्रतिनिधी म्हणून गेले होते.

नोटेवरची सही

१९३९ मध्ये देशमुख रिझर्व्ह बँकेत आले, १९४१ च्या अखेरीस डेप्युटी गव्हर्नर झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नर. सहाव्या जॉर्जचे चित्र असलेल्या नोटांवर त्यांची इंग्रजी सही दिसते. जुन्या घरांच्या पेट्यांत अशी एखादी नोट अजून निघते.

काळ अत्यंत कठीण होता. महायुद्धामुळे महागाई भडकलेली, बंगालमध्ये दुष्काळ, आणि ब्रिटनकडे भारताचे येणे पौंडांत साचत चाललेले. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांची परिषद भरली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया तिथेच घातला गेला. भारताच्या शिष्टमंडळाचे प्रमुख सर जेरेमी रेझमन हे इंग्रज अधिकारी होते. सदस्यांत देशमुखांबरोबर षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ होते. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशांइतकाच गरीब देशांच्या विकासाचाही विचार व्हावा, हा आग्रह या भारतीयांनी धरला. देश पारतंत्र्यात असताना त्याची बाजू अशी मांडायची, तर आकडे तोंडपाठ आणि नियम पक्के ठाऊक लागतात. देशमुखांकडे दोन्ही होते.

फाळणीने याहून अवघड काम समोर टाकले. भूभाग वाटला जात होता, पण चलन एका रात्रीत वाटता येत नाही. पाकिस्तानकडे तेव्हा स्वतःची मध्यवर्ती बँकच नव्हती. म्हणून काही काळ दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक म्हणून रिझर्व्ह बँकेनेच काम पाहावे, असे ठरले. भारतीय नोटांवर पाकिस्तान सरकारचे नाव छापून त्या तिकडे चालवल्या गेल्या. सीमेवर कत्तली चालू असताना एकच संस्था दोन सरकारांचे हिशेब सांभाळत होती. ही व्यवस्था ३० जून १९४८ पर्यंत चालली आणि दुसऱ्या दिवशी स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली.

१ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. तोवर ती भागधारकांची बँक होती. जूनअखेर देशमुखांची मुदत संपली.

अर्थमंत्री आणि कायद्यांची सहा वर्षे

१ जून १९५० रोजी ते केंद्रीय अर्थमंत्री झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाबा मतदारसंघाने त्यांना काँग्रेसच्या उमेदवारीवर लोकसभेत पाठवले. आपल्या जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते, रायगड झाले ते १९८१ मध्ये.

या काळात त्यांनी संसदेतून नेलेले कायदे पाहिले की कायद्याची त्यांची जाण कळते. १९५३ चा मालमत्ता शुल्क कायदा, १९५५ चा स्टेट बँक कायदा आणि १९१३ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला १९५६ चा कंपनी कायदा. या शेवटच्या कायद्यात ६५८ कलमे होती.

आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरणही त्यांच्याच कारकिर्दीतले. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम निघाला आणि त्या रात्री देशमुखांनी आकाशवाणीवरून तो देशाला सांगितला. देशी-परदेशी विमा कंपन्या आणि भविष्यनिधी संस्था मिळून २४५ संस्था एका छत्राखाली आल्या. निर्णय आधी फुटला असता तर पैसे इकडचे तिकडे झाले असते, म्हणून तो शेवटपर्यंत गुप्त ठेवला गेला होता.

राजीनामा

याच आठवड्यात, १६ जानेवारीला, पंतप्रधान नेहरूंनी मुंबई केंद्रशासित राहील असे जाहीर केले होते. मुंबई पेटली. पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. संयुक्त महाराष्ट्राच्या, म्हणजे मुंबईसह मराठी राज्याच्या, लढ्यात शंभरहून अधिक जणांनी प्राण दिले, त्यांतल्या बहुतेकांचे रक्त त्या दिवसांत सांडले. देशमुखांनी जानेवारीतच राजीनाम्याची इच्छा कळवली. प्रत्यक्ष बाहेर पडले ते जुलै १९५६ मध्ये.

लोकसभेतले त्यांचे निवेदन भावनेवर उभे नव्हते, म्हणूनच ते परतवणे अवघड गेले. त्यांचा पहिला आक्षेप पद्धतीवर होता : नेहरूंनी जूनमध्ये मुंबईत येऊन शहर आणखी पाच वर्षे केंद्राकडे राहील असे सांगितले, पण हा निर्णय मंत्रिमंडळात झालाच नव्हता. दुसरा मुद्दा गोळीबाराचा. इतकी माणसे मारली गेल्यावर न्यायालयीन चौकशी नाकारणे त्यांना मान्य नव्हते, आणि यात महाराष्ट्राविषयी आकस दिसतो, असे त्यांनी पंतप्रधानांच्या तोंडावर सांगितले. नेहरूंनी आरोप फेटाळले.

आचार्य अत्र्यांच्या सभा गाजल्या आणि त्या गाजायलाच हव्या होत्या. पण जन्मभर सरकारी शिस्तीत वाढलेल्या एका अधिकाऱ्याने सामूहिक जबाबदारीचे तत्त्व पुढे करून अर्थखाते सोडले, ही गोष्ट माझ्या लेखी तितकीच मोठी आहे. मुंबईसह महाराष्ट्र १ मे १९६० रोजी झाला.

दुर्गाबाई

२२ जानेवारी १९५३ रोजी देशमुखांचा दुसरा विवाह दुर्गाबाईंशी झाला. आंध्रातल्या दुर्गाबाई वकील, घटना समितीच्या सदस्य, नियोजन मंडळाच्या सदस्य आणि केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष. कौटुंबिक वादांसाठी वेगळी न्यायालये हवीत, ही सूचना त्यांनी चीनचा दौरा करून आल्यावर १९५३ मध्ये नेहरूंपुढे आणि न्यायमूर्ती छागला, गजेंद्रगडकर यांच्यापुढे मांडली होती. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ मध्ये झाला, दुर्गाबाईंच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी.

पद सोडल्यानंतर

१९५६ ते १९६१ देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते आणि १९६२ पासून पाच वर्षे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. दिल्लीतल्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या उभारणीतही ते अग्रभागी होते. १९५९ मध्ये त्यांना सरकारी सेवेसाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मंत्र्यांवरच्या भ्रष्टाचाराच्या आरोपांसाठी उच्चस्तरीय न्यायाधिकरण नेमावे, अशी मागणी त्यांनी केली तीही त्याच वर्षी. सरकारने ती मानली नाही.

१९६९ मध्ये स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्यावर ते राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले. पहिल्या पसंतीची १,१२,७६९ मूल्याची मते घेऊन ते तिसरे आले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजल्यावरच गिरी आणि संजीव रेड्डी यांच्यातला निकाल लागला. १९७५ मध्ये चिंतामणराव आणि दुर्गाबाई या दोघांनाही पद्मविभूषण देण्यात आले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला चिंतामणरावांचे निधन झाले.

एवढ्या धकाधकीत संस्कृत सुटले नव्हते. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले आणि गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत बांधली. ठाणे महापालिकेची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था त्यांचे नाव चालवते. १९७४ मध्ये निघालेले त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र 'द कोर्स ऑफ माय लाइफ' जुन्या ग्रंथालयांत मिळते आणि जुलै १९५६ चे निवेदन लोकसभेच्या छापील कार्यवाहीत आहे. वेळ थोडा असेल तर आधी ते निवेदन वाचावे.