उडी मारायची ताकद आली कुठून?

फ्रिजचं दार लावताना शेवटचं बोटभर अंतर उरलं, की ते आपसूक ओढलं जातं आणि ‘टप्’ करून बसतं. दाराच्या रबरी पट्टीत चुंबक असतो म्हणून. चार-पाच वर्षांच्या मुलाला चुंबकीय ऊर्जा समजावायची असेल, तर व्याख्या बाजूला ठेवा आणि इथून सुरुवात करा.

आधी एक मोठा चुंबक मुलांच्या हातात द्या आणि स्वयंपाकघरात फिरू द्या. लोखंडी तव्याला तो चिकटतो. पितळी डब्याला, ॲल्युमिनियमच्या पातेल्याला नाही. स्टीलची एखादी वाटी चिकटते, दुसरी नाही, कारण स्टीलचे प्रकार वेगवेगळे असतात. प्रत्येक वेळी मुलांना आधी अंदाज करू द्या.

मग मधे भोक असलेले दोन गोल चुंबक जाड पेन्सिलीत ओवा. सारख्या बाजू समोरासमोर आल्या, की वरचा चुंबक अधांतरी तरंगतो. तो बोटाने खाली दाबायला सांगा आणि विचारा, “काय वाटतंय?” बोट सोडलं, की चुंबक टुणकन उडतो. आता खरा प्रश्न: “ही ताकद आली कुठून?” उत्तर गमतीचं आहे, “तुझ्याच बोटातून!” दाबताना लावलेली ताकद दोन चुंबकांमध्ये साठून राहते आणि सोडताच परत मिळते. हीच चुंबकीय ऊर्जा. चुंबक ती फुकट देत नाही, हे मुलांना इथेच कळतं.

जरा मोठ्या मुलांना पुढची गोष्ट सांगा. तारेच्या वेटोळ्यात चुंबक हलवला, की तारेत वीज वाहते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलं. धरणावरची वीज याच तत्त्वावर तयार होते. तिथे बोटाचं काम पाणी करतं.

एक काळजी मात्र घ्याच. खेळण्यांतले किंवा शोभेचे मण्यांएवढे, ताकदवान चुंबक लहान मुलांच्या हाती देऊ नका. असे दोन चुंबक गिळले गेले, तर ते पोटात आतड्याच्या पडद्याआडूनही एकमेकांना ओढतात, आतडं मधे चिमटतं आणि त्याला भोक पडू शकतं. मूल हसत-खेळत असलं तरी वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

खेळायला मोठेच चुंबक निवडा, मुलांसोबत बसा आणि खेळ संपला की चुंबक मोजून डब्यात ठेवा.