मांजराचें अन्न आणि धान्य

हिंगोली जिल्ह्यांत घरचें मांजर म्हटलें कीं ज्वारीची भाकरी दुधांत कुसकरून त्याच्यापुढें ठेवावयाची, ही चाल जुनी आहे. मांजर ती खातें, यावरून ती त्यास मानवते असें आपण समजतों. वस्तुतः तें जगतें कणगीजवळच्या उंदरांवर. भाकरी हें त्याचें केवळ तोंडीलावणें!

मांजर हा निखालस मांसाहारी प्राणी होय. टॉरिन नांवाचें द्रव्य त्यास मांसांतून मिळवावें लागतें; धान्यांत तें नसतें. त्याच्या अभावीं मांजराची दृष्टि जाते हें १९७५ मध्यें, व हृदय दुर्बळ होतें हें १९८७ मध्यें दिसून आलें. दारें लावलेल्या घरांत केवळ दूधभाकरीवर पोसलेल्या मांजरावर हाच प्रसंग येतो.

अशा मांजरासाठीं आतां डब्यांतील ओलें अन्न मिळतें. त्यांत शेंकडा ७५ ते ८० भाग पाणी असतें. स्वभावतःच थोडें पाणी पिणाऱ्या या प्राण्यास आमच्याकडील वैशाखांत तें विशेष हितकर. मात्र ‘धान्यविरहित’ या शब्दास वाचकांनीं भुलूं नये. धान्य काढून त्या जागीं बटाटा वा वाटाणा घातला, तर मांस वाढलें कोठें? उलट, थोडासा तांदूळ निरोगी मांजरास सहसा बाधत नाहीं. तेव्हां घटकांच्या यादींत मांसाचें नांव प्रथम आहे काय, आणि प्रौढ मांजरासाठीं ‘संपूर्ण आहार’ असें छापलें आहे काय, हें पाहावें. नुसतें ‘पूरक’ असेल, तर तेवढ्यावर मांजर ठेवूं नये.