आधी कुणाला दाखवलंस?

बँकेत असताना कर्ज मागायला आलेल्याला माझा पहिला प्रश्न असे : तारण काय? आता उद्योजकतेच्या वर्गावर शिकवतो. तिथे पहिला प्रश्न निराळा : हे आधी कुणाला ठाऊक होतं का?

मग हळदीची गोष्ट सांगतो. हळदीनं जखम भरते, यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. डॉ. माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरनं जुने संस्कृत ग्रंथ, १९५३चा वैद्यकीय लेख असे पुरावे पुढे ठेवले. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. नवेपणा, जाणकारालाही सहज न सुचणारी युक्ती, उद्योगात उपयोग, या कसोट्या मग मुलांना पाठ होतात. पाठच होतात म्हणा!

परवा एका मुलीनं लसूण सोलण्याचं यंत्र आणलं. झकास!

‘‘आधी कुणाला दाखवलंस?’’

‘‘सर, दोन वर्षांपूर्वी गावच्या जत्रेत. सगळं खोलून दाखवलं.’’

अर्ज केलाच नव्हता. नवेपणा तिनंच वाटून टाकला होता. आम्हा कादंबरीकारांचा लेखनावरचा हक्क छापल्यानं जात नाही. इथे सगळं उलटं. कर्ज नाकारतानाही इतकं जड गेलं नव्हतं.

‘‘पण सर, ही चाळण मी नंतर बसवली. कुणीच पाहिली नाही.’’

‘‘मग ती झाकून ठेव,’’ मी म्हटलं. ‘‘अशी आणखी कुणी केलीय का, ते आधी शोधू.’’