श्रमिकांची सुट्टी : सांतोरिनी आणि लोणार

ग्रीस देशाच्या दक्षिणेस, एजियन समुद्रात, सांतोरिनी नावाचे एक बेट आहे. त्याचे जुने नाव थिरा. समुद्रातून सरळ तीनशे मीटर वर उठलेले काळे-तांबडे कडे, त्या कड्यांच्या माथ्यावर चुन्याने पांढरी केलेली घरे, निळे घुमट, आणि खाली शाईसारखे गर्द पाणी. हे चित्र हल्ली कोठे दिसत नाही? केशकर्तनालयाच्या भिंतीवर दिसते, लग्नातल्या छायाचित्रांमागच्या पडद्यावर दिसते, आणि प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये तर असतेच. जालन्यातल्या एका रोलिंग मिलमध्ये तापलेल्या लोखंडापुढे सांडशी घेऊन उभ्या राहणाऱ्या एका तरुण कामगाराने तेच चित्र आमच्यापुढे धरून विचारले, "दादा, इथं जायचं तर काय काय लागतं?" शेजारचे हसले. आम्हांस हसू आले नाही. माणसाने सुट्टीत कोठे जावेसे वाटते ते सांगावे आणि इतरांनी हसावे, यात विनोद कसला? प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले, तेच आज मस्तगडच्या या व्याख्यानमालेत आपल्यापुढे मांडीत आहोत.

प्रथम कागदपत्रांचे पाहू. पारपत्रास साध्या मार्गाने १५०० रुपये लागतात. ग्रीस हा शेंगेन करारातला देश असल्याने त्या कराराचा व्हिसा घ्यावा लागतो. त्याची फी जून २०२४ पासून ९० युरो झाली आहे. किमान ३०,००० युरोंचा प्रवासी विमा हवा. बँकेचा उतारा हवा, जाण्यायेण्याचे आणि राहण्याचे आरक्षण हवे. येथपर्यंत सगळा पैशाचा मामला आहे. आणि पैसा, कसा का होईना, भिशी लावून वर्षा-दोन वर्षांत जमवता येतो असे म्हणणारे आम्हांस भेटले आहेत. परंतु नोकरी करणाऱ्यास आणखी एक कागद जोडावा लागतो : 'हा मनुष्य आमच्याकडे कामास आहे, याची रजा मंजूर आहे, आणि अमुक तारखेस तो कामावर हजर होईल,' असा मालकाचा दाखला. तो तरुण ठेकेदाराच्या हाताखाली सहा वर्षे काम करीत होता. त्याच्याजवळ नेमणुकीचे पत्र नव्हते. हजेरी ठेकेदाराच्या खिशातल्या वहीत. रजा हा शब्द त्याने शाळेनंतर वापरलेला नव्हता. न आले की खाडा, आणि खाड्याची मजुरी कापली, एवढाच त्याचा सुट्टीचा अनुभव. विमानाचे भाडे ही त्याची दुसरी अडचण होती. पहिली अडचण हजेरीबुकात होती.

म्हणून सुट्टीचा बेत आखण्याआधी सुट्टी कोठून आली हे थोडक्यात सांगणे भाग आहे. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आठवड्याची सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना बांधली, १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर हजारो कामगारांची सभा भरविली (त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, हे विसरू नये), आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. हा झाला आठवड्याचा एक दिवस. सलग चार-आठ दिवस घराबाहेर पडावे आणि मजुरीही मिळावी, ही कल्पना त्यानंतरची. फ्रान्समध्ये १९३६ सालच्या मोठ्या संपांनंतर दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली. त्याच वर्षी रेल्वेभाड्यात कामगारांना ४० टक्के सवलत मिळाली, आणि पॅरिसच्या कारखान्यांतली माणसे सायकलींवर आणि तिसऱ्या वर्गाच्या डब्यांतून समुद्र पाहावयास निघाली. समुद्र आपल्याच देशाचा. पण कित्येकांनी तो तोवर पाहिलेला नव्हता. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यात भरपगारी रजेची तरतूद होती. पुढे वर्षात २४० दिवस भरले की दर वीस दिवसांमागे एक दिवस, असा हिशेब ठरला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत २४० ची अट १८० दिवसांवर आली आहे. त्या संहितांविषयी आमच्या तक्रारी अनेक आहेत आणि त्या दुसऱ्या व्यासपीठावर आम्ही मांडतोच. पण एवढे कलम कामगाराच्या बाजूचे आहे, तेव्हा ते वापरावे. १८० दिवस भरले तर नऊ दिवस रजा. नऊ दिवसांत सांतोरिनी होऊ शकते, लोणार तर चार वेळा होईल.

लोणारचे नाव आम्ही मध्येच का घेतले? त्याला कारण आहे. त्या चित्रात पाहण्यासारखे जे आहे, ते घुमट आणि घरे नव्हेत, तो कडा आहे. आणि तो कडा कसा झाला हे समजले, की आपल्या दाराशी काय पडले आहे याकडे लक्ष जाते.

सांतोरिनी म्हणजे एका ज्वालामुखीचा फुटका कंगोरा. आफ्रिकेकडचे भूकवच युरोपाकडच्या कवचाखाली सरकत जाते, तेथे खोलवर खडक वितळतो आणि वर येतो. हा रस घट्ट असतो, त्यात वायू कोंडलेला असतो. म्हणून तो वाहत नाही, फुटतो. झाकण दाबून बसवलेल्या पातेल्याची जी गत, तीच त्याची. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी तो असा फुटला की पोटातला सगळा रस बाहेर पडून वरचे छत आत कोसळले आणि त्या खड्ड्यात समुद्र शिरला. उरला तो चंद्रकोरीसारखा काठ, त्यावर आजची गावे. राखेखाली गाडलेले अक्रोतिरी नावाचे नगर १९६७ पासून स्पिरिदोन मारिनातोस यांनी उकरावयास घेतले. दुमजली घरे, सांडपाण्याच्या मोऱ्या आणि भिंतींवरची रंगीत चित्रे निघाली. माणसांचे सांगाडे मात्र निघाले नाहीत. लोक आधीच नगर सोडून गेले असावेत. मधल्या छोट्या बेटावरचा शेवटचा उद्रेक १९५० सालचा. १९५६ साली भूकंपाने घरे पाडली, माणसे मारली. २०२५ च्या फेब्रुवारीत धक्क्यांमागून धक्के बसू लागले तेव्हा अकरा हजारांवर माणसे बेट सोडून गेली. बेटाची कायम वस्ती पंधरा हजारांच्या आसपास. यावरून उन्हाळ्यातल्या गर्दीचीही कल्पना यावी : मोठ्या जहाजांतून दिवसाला आठ हजारांहून अधिक प्रवासी उतरवू नयेत, असे बंधन २०२५ पासून घालावे लागले. चित्रात ही गर्दी दिसत नाही. तिची ताटे उचलणारी, चादरी धुणारी, हंगामापुरती बाहेरून आलेली माणसेही दिसत नाहीत.

आता आपल्या पायाखाली पाहा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या दख्खनच्या भुईला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ रस वाहत राहिला. एक थर पसरला, निवला. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. आजही पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख त्या थरांखाली आहे. विहीर खणणाऱ्या वडाराला हे शास्त्र पुस्तकावाचून ठाऊक असते : वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग पहारीला ठणकन उत्तर देणारा काळा पाषाण. मस्तगडाच्या परिसरातला काळा दगड हा त्याच रसाचा. ज्या काळ्या जमिनीवर आपला कापूस पिकतो, ती त्याच दगडाची झीज. वेरूळ-अजिंठ्याची लेणी त्याच थरांत कोरलेली. सांतोरिनीचा ज्वालामुखी आमच्या या पसाऱ्यापुढे चुलीतला निखारा आहे, असे म्हटले तर ग्रीक लोकांनी राग मानू नये.

या थरांत एके ठिकाणी एक वाटोळा खड्डा आहे. जालन्यापासून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर, बुलढाणा जिल्ह्यात, लोणार येथे. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठापासून पाण्यापर्यंत सव्वाशे-दीडशे मीटर उतार, तळाशी हिरवट सरोवर, भोवती दाट झाडी. ज्वालामुखीच्या मुलखात असा खड्डा, तेव्हा हे ज्वालामुखीचेच मुख असणार, असे दीर्घकाळ मानले गेले. पण १९७३ साली अमेरिकन आणि भारतीय शास्त्रज्ञांनी मिळून पुरावा पुढे ठेवला तो निराळाच : तळाच्या खडकात प्रचंड आघाताने काच झालेली खनिजे सापडली. तसा आघात लाव्हा करू शकत नाही. आकाशातून पडलेला पाषाणच करू शकतो. काठावरचे थरही बाहेरच्या बाजूस उलटलेले आहेत. चिखलात धोंडा आपटला की चिखल जसा कडेला उलटतो, तसे. चंद्रावरच्या विवरांचा खडकही याच जातीचा असल्याने जगभरचे अभ्यासक लोणारला येतात. वय किती? एका मोजणीने सुमारे ५०,००० वर्षे. नंतरच्या, अधिक बारकाईच्या मोजणीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे.

पाण्याची गोष्ट वेगळीच. खड्ड्यात झरे येतात, पावसाचे पाणी येते, बाहेर जावयास वाट नाही. ऊन पाणी घेऊन जाते, खार मागे ठेवते. पाणी बोटांना साबणासारखे बुळबुळीत लागते. पूर्वी उन्हाळ्यात पाणी हटले की मजूर चिखलात उतरून हा खार खरवडून काढीत. डल्ला, खप्पल, पापडी, भुस्की अशी त्याच्या प्रतींची नावे होती. साबणाला तो लागे, बांगड्यांच्या काचेला लागे. त्या अल्कात दिवसभर उभे राहिल्यावर पायांचे काय होत असेल, हे नोंदवहीत कोणी लिहिले असल्याचे आमच्या वाचनात नाही. भाव मात्र लिहिलेले आहेत. २०२० च्या जूनमध्ये सरोवर एकाएकी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितले की, पाणी आटून खार वाढल्याने खारप्रिय सूक्ष्मजीव माजले आणि तो रंग त्यांचा. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांत, स्थान मिळाले.

आता बेत. लोणार हे गरिबाचे सांतोरिनी, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्याला तेथे जावयाचे आहे त्याने तेथेच जावे. पण खड्डा आधी जवळचा पाहिला, तर दूरचा अधिक समजेल. दिवाळीनंतर माघापर्यंतचे दिवस चांगले. वैशाखात त्या कढईत उतरू नये. रस्ते दोन : एक मंठ्यावरून, दुसरा सिंदखेडराजा आणि सुलतानपूरवरून. जाताना एक, येताना दुसरा धरावा. सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. लखुजी जाधवांचा वाडा पाहावयास दोन तास ठेवावेत. १२ जानेवारीस तेथे जयंतीची अलोट गर्दी असते, तेव्हा तो दिवस एक तर मुद्दाम साधावा, नाही तर टाळावा. चाळीस-पन्नास माणसे असतील तर एस.टी.ची गाडी प्रासंगिक करारावर मिळते. थोडी असतील आणि त्यांत बायका अधिक असतील, तर नेहमीच्या गाडीने जाणेच स्वस्त. मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. मुक्काम एक रात्र करावाच. पहाटे धारेजवळून, म्हणजे जेथे गोमुखातून गोड्या पाण्याची धार पडते तेथून, खाली उतरावे. पाणी सोबत घ्यावे, चपलेऐवजी बूट घालावेत. कमळजादेवीच्या देवळापर्यंतची वाट सरोवराच्या पातळीवर अवलंबून असते, ती गावात विचारून घ्यावी. ऊन चढण्याआधी वर यावे आणि दुपार गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळात काढावी. लवणासुराला विष्णूने मारले त्याची कथा तेथे ऐकावी, आणि भिंतींवरचे कोरीवकाम सावकाश पाहावे. लवणासुर म्हणजे खाराचा असुर. ज्याने कोणी ही कथा प्रथम रचली, त्याने ते पाणी चाखलेले होते.

एक अट आम्ही आमच्या सहलींना नेहमी घालतो. बायकांनी पहाटे चारला उठून पन्नास जणांच्या पुऱ्या तळावयाच्या आणि पुरुषांनी देखावा पाहावयाचा, ही सहल नव्हे, पाळी बदलली एवढेच. जेवण गावातल्या खानावळीस आगाऊ सांगावे, त्याचा खर्च वर्गणीत धरावा. वर्गणी दरमहा गोळा करावी आणि बँकेत दोघांच्या सहीने ठेवावी. एका मंडळाची रक्कम एकाच्या खिशात राहिली आणि त्याच्या मेहुण्याच्या लग्नात गेली, हे आम्ही पाहिले आहे.

आणि रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी, लेखी द्यावा. दोन प्रती कराव्यात. एकीवर तारखेसह पोच घ्यावी. ठेकेदार पोच देत नसेल तर अर्ज स्पीड पोस्टाने मूळ कारखान्याच्या नावे पाठवावा आणि पावती जपून ठेवावी. हजेरी कोणाच्या वहीत लागते, याचा उलगडा त्या पावतीने पुष्कळदा होतो. त्या तरुणाचा अर्ज असाच गेला, आणि त्याच्या मागोमाग त्याच ठेकेदाराच्या अकरा जणांचे गेले.