मोरगावचे दारूकाम आणि पॅनोरॅमिक कॅमेरा

अष्टविनायकांपैकी मोरगावच्या श्रीमयूरेश्वराचा दसरा शोभेच्या दारूकामासाठी प्रसिद्ध आहे. कऱ्हाकाठच्या या गावातील देवालयास सुमारे पन्नास फूट उंचीचा तट असून त्याच्या चार कोपऱ्यांवर मनोरे आहेत. तट, मनोरे, जमलेला समाज आणि वर फुटणारी दारू ही सर्व एका चित्रात आणावयाची, तर फिल्मच्या लांब पट्टीवर चित्र घेणारा पॅनोरॅमिक कॅमेरा साहजिकच आठवतो. परंतु अशा कॅमेऱ्यांच्या दोन जाती असून या कामी त्यांचे गुणधर्म अगदी भिन्न ठरतात.

पहिल्या जातीत भिंगच फिरते. जपानी वायडलक्स हे तिचे परिचित उदाहरण होय. त्यात फिल्म वक्राकार बसविलेली असते व भिंगाबरोबर एक उभी फट तिच्यावरून सरकत जाते. एफ-७ या नमुन्यात फिल्मच्या प्रत्येक बिंदूस प्रकाश मिळण्याचा दीर्घतम काळ १/१५ सेकंद आहे. आकाशात दोन-तीन सेकंद झरणाऱ्या ठिणग्यांचा त्यात तुकडाच सापडतो. रेषांऐवजी ठिपके उमटतात. शिवाय फटीस या टोकाकडून त्या टोकाकडे जाण्यास १/१५ सेकंदाहून पुष्कळ अधिक वेळ लागतो. म्हणजे चित्राची दोन टोके एका क्षणाची नसतात. असे चित्र खोटे नव्हे. मात्र ते लेखनाच्या ओळीप्रमाणे एका दिशेने वाचावे लागते.

दुसऱ्या जातीत भिंग स्थिर व फिल्म सपाट असते. १९९८ मध्ये निघालेला आणि आता उत्पादन थांबलेला हॅसलब्लाड एक्सपॅन या वर्गातला. त्याची चौकट २४ × ६५ मिलिमीटर. यात झडप हवी तितका वेळ उघडी ठेवता येते. येथे एक गोष्ट नवशिक्यास चमत्कारिक वाटते. झडप अधिक वेळ उघडी ठेवल्याने ठिणगीची रेषा अधिक उजळ होत नाही. ठिणगी सरकत असल्यामुळे फिल्मच्या कोणत्याही एका बिंदूवर तिचा प्रकाश क्षणभरच पडतो. तेव्हा रेषेची उजळता भिंगाच्या छिद्रावर अवलंबून राहते. १०० आयएसओच्या फिल्मसाठी एफ/११ पासून आरंभ करणे बरे. वेळ वाढविल्याने वाढते ती रेषांची लांबी व संख्या, आणि अर्थातच धुराची पांढुरकी छटा. तटाचा दगड मात्र स्थिर असल्याने वेळेबरोबर उजळत जातो.

दोन बारांमधील अंधारात भिंगापुढे काळा पुठ्ठा धरून एकाच चौकटीत चार-पाच बार साठविता येतात. छायाचित्रकारांची ही जुनी युक्ती सुंदर खरी, पण उत्सवाचा पुरावा म्हणून चित्र जपणाऱ्यास ती घातक आहे. एकामागून एक उडालेले बार त्यात एकदम उडाल्यासारखे दिसतात. पन्नास वर्षांनी पाहणारा त्यावरून दारूकामाच्या थाटाचा भलताच अंदाज बांधील. यास्तव झडप किती वेळ उघडी होती व पुठ्ठा किती वेळा धरला, हे चित्राच्या पाठीवर लिहून ठेवणे अगत्याचे होय.

उंचीचा प्रश्न याहून अवघड आहे. एक्सपॅनच्या ४५ मिलिमीटर भिंगास आडवे सुमारे ७२ अंश दिसतात, उभे केवळ ३०. कॅमेरा समतल ठेवल्यास क्षितिजाच्या वर १५ अंशच उरतात. शंभर मीटरवर फुटणारा बार त्यात येण्यास सुमारे ३७५ मीटर मागे सरावे लागते, आणि तेथून पन्नास फुटी तट निगेटिव्हवर जेमतेम दोन मिलिमीटर उमटतो. कॅमेरा वर कलवावा, तर मनोरे एकमेकांकडे झुकतात. फिरत्या भिंगाच्या कॅमेऱ्यात तर क्षितिजच वाकते. यावर सोपा उपाय म्हणजे कॅमेरा उभा धरणे. मग दीडशे मीटरवरूनही तोच बार चौकटीत मावतो व तट साडेचार मिलिमीटरांचा होतो. रुंदी मात्र ऐंशी मीटरांवर येते, आणि समाजाचा बराचसा भाग चित्राबाहेर राहतो.