चिखलणीआधी गिअर ऑइल बघून घ्या



पऱ्हे तयार होत आले, आता ट्रॅक्टर बांधीत उतरतील. इंजिन ऑइल सगळेच बघतात, गिअरबॉक्स मात्र राहून जातो. आणि चिखलणीत जुन्या ऑइल सीलमधून पाणी शिरते ते तिथेच.

ट्रॅक्टर सपाट जागी लावा, लिफ्ट खाली करा, इंजिन बंद करून १०-१५ मिनिटे थांबा. डिपस्टिकभोवतीची माती आधी पुसा, नाहीतर तीच आत जाते. डिपस्टिक काढून पुसा, परत घाला, मग बघा. ऑइल दोन खुणांच्या मधे पाहिजे.

पण पातळीच्या आधी रंग बघा. दुधाच्या चहासारखा असेल तर पाणी मिसळले आहे. ऑइल न टाकता पातळी वाढली असेल तरी हाच संशय घ्या. अशा वेळी वरून भर घालू नका. सगळे काढा, सील तपासून घ्या, मगच नवीन भरा. पाण्याने बेअरिंग गंजतात, आणि गिअरबॉक्स खोलायची वेळ ऐन रोवणीत येते.

बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये हायड्रॉलिक लिफ्ट आणि तेलातले ब्रेकही याच ऑइलवर चालतात. म्हणून दुकानात "कोणतेही द्या" म्हणू नका, कंपनीच्या पुस्तिकेतला ग्रेडच मागा. कमी असेल तर अर्धा-अर्धा लिटर टाकत परत मोजा. वारंवार कमी होत असेल तर गळती शोधा.

रोवणी संपली की पुन्हा बघा, सकाळी ट्रॅक्टर सुरू करण्याआधी. काढलेले ऑइल बांधीत किंवा नालीत सोडू नका.