उष्माघात : पहिला अर्धा तास मोलाचा

वैशाख लागला, की विदर्भातील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत उन्हाने कोसळलेल्या रुग्णांची भर पडू लागते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर, अकोला या भागांत पारा ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जाणे नवे नाही. शेतात, बांधकामावर किंवा वीटभट्टीवर राबणारा मजूर भोवळ येऊन पडतो. घरातील वृद्ध असंबद्ध बोलू लागतात. ‘ऊन लागले’ म्हणून कांद्याचा रस चोळला जातो, वाहनाची शोधाशोध सुरू होते आणि त्यात अमूल्य वेळ निघून जातो. रुग्णाचा जीव पुष्कळदा या वेळेवरच अवलंबून असतो.

शरीर तापते कसे?

शरीराचे तापमान साधारणतः ३७ अंश असते. भोवतालची हवा याहून अधिक तापली, म्हणजे उष्णता बाहेर टाकण्यास घामाखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. मात्र हवा दमट असेल, तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. म्हणूनच भारतीय हवामान विभाग उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी प्रदेशात ४० अंशांपासून, तर किनारपट्टीवर ३७ अंशांपासूनच करतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर भर उन्हात झालेल्या समारंभानंतर १४ जण दगावले. तेव्हा तेथील पारा विदर्भातील उन्हाळ्याच्या मानाने बराच खाली होता.

लक्षणांतील भेद

पायांत गोळे येणे, थकवा, मळमळ, डोकेदुखी व भरपूर घाम ही उष्णतेच्या त्रासाची पहिली पायरी होय. सावलीत विश्रांती आणि मीठ-साखरेचे पाणी एवढ्याने असा रुग्ण बहुधा सावरतो. परंतु शरीराचे तापमान ४० अंशांपलीकडे जाऊन रुग्ण बरळू लागला, त्यास झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. त्वचा कोरडी पडलीच पाहिजे असे नाही. श्रम करणाऱ्या माणसाला उष्माघातातही घाम येत असतो. या अवस्थेत मेंदू, मूत्रपिंडे व यकृत यांना वेगाने इजा पोहोचते.

आधी गारवा, मग प्रवास

१०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी; पण ती येईपर्यंत स्वस्थ बसू नये. रुग्णास सावलीत आणून कपडे सैल करावेत, अंगावर सतत पाणी ओतावे आणि वारा घालावा. बर्फ मिळाल्यास तो कापडात गुंडाळून मान, काखा व जांघा येथे ठेवावा. शुद्ध नसलेल्या रुग्णाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळ्यांचा येथे उपयोग नाही. कारण हा ताप रोगजंतूंमुळे आलेला नसतो. अर्ध्या तासाच्या आत तापमान उतरले, तर रुग्ण वाचण्याची आशा पुष्कळ वाढते.

पूर्वतयारीचे महत्त्व

मे २०१० मध्ये अहमदाबादेत आलेल्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा सुमारे १,३०० मृत्यू अधिक झाले. त्यापासून धडा घेऊन त्या शहराने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा अमलात आणला. नागरिकांना आगाऊ इशारा, पिण्याच्या पाण्याची सोय आणि डॉक्टर व परिचारिकांचे प्रशिक्षण ही त्याची मुख्य अंगे होत. पुढे नागपूरसह अनेक शहरांनी हाच मार्ग स्वीकारला. विदर्भातील रुग्णालयांत उन्हाळ्यात शीतकक्षही उघडले जातात.

तथापि, शीतकक्ष कितीही सुसज्ज असला, तरी रुग्ण वेळेत आणि अंग गार करीतच तेथे पोहोचला पाहिजे. मुकादमाने दुपारी १२ ते ४ या वेळेत उन्हातील काम थांबवावे. कामाच्या जागी सावली, पाण्याचा माठ आणि जलसंजीवनीची पाकिटे ठेवावीत. बादलीभर पाणी आणि ते ओतणारा जाणता शेजारी, हाच उष्माघातावरील पहिला दवाखाना होय.